तसलमात

माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, जुन्या कीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, दर आठवड्याला एक शब्द हमखास भेटतो. ‘तसलमात, वापी, ६००.’ ‘तसलमात, महाड, ३५०.’ लाल कापडी पुठ्ठ्याची ती वही मी पहिल्यांदा नीट वाचायला घेतली तेव्हा या शब्दाचा अर्थ आईला विचारावा लागला. आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “हिशेब द्यायच्या बोलीवर आधी हातात दिलेले पैसे. उचल वेगळी. उचल माणूस स्वतःसाठी घेतो, तसलमात कामासाठी.” नगरपालिका-जिल्हा परिषदेच्या दप्तरात हा शब्द अजून वापरात आहे. मूळ अरबी ‘तस्लीम’, म्हणजे सोपवणं. आमच्या गाळ्यातून मात्र तो मी काही वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने काढून टाकला होता, आणि परत आणायला मला दीड वर्ष लागलं.

साकीनाक्याला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा आहे. प्रेशर गेज आणि तापमापकं दुरुस्त करायची, ती खरं दाखवतात की नाही हे तपासून दाखला द्यायचा, हे आमचं काम. बॉयलरवरच्या गेजचा काटा दहा दाखवत असेल आणि आत दाब बारा असेल, तर त्या फरकाची किंमत शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मोजावी लागते. म्हणून हे काम मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. चालू कारखान्यातले शंभर-दीडशे गेज काढून मुंबईला पाठवणं कुणालाच परवडत नाही. त्यामुळे आमची माणसंच प्रमाण-गेज (ज्याच्याशी बाकीचे ताडून बघायचे तो), हातपंप, पाने आणि जोडण्यांची पेटी घेऊन तिकडे जातात. तारापूर, रोहा, महाड, लोटे, वापी, अंकलेश्वर. पावसाळा सरत आला की कोल्हापूर-सांगलीकडचे साखर कारखाने.

आम्ही एकूण सहाजण. त्यातले चौघं फिरतीवर. पगारानंतरचा आमचा सगळ्यात मोठा खर्च प्रवासाचा. एरवी महिन्याला पन्नास हजारांच्या आगेमागे, आणि साखरेच्या हंगामाआधी जवळजवळ दुप्पट. मोठ्या कंपनीत या आकड्याकडे कुणी वळूनही बघणार नाही. आमच्याकडे मात्र गाळ्याचं भाडं वेळेवर जाणार की नाही, हे त्यावर ठरतं.

२०१७ मध्ये अण्णांच्या गुडघ्यांनी जिने चढायला नकार दिला आणि मी नोकरी सोडून गाळ्यात आले. त्याच वर्षी १ जुलैला जीएसटी लागू झाला होता. मी बारा वर्षं एका मोठ्या कंपनीच्या लेखा विभागात काढलेली. तिथे प्रवासखर्चाची पद्धत अशी: आधी स्वतः खर्च करा, बिलं लावा, वरिष्ठांची सही घ्या, मग पैसे मिळतील. मला तीच पद्धत शिस्तीची वाटायची. अण्णांची पद्धत अगदी उलटी. माणूस निघायच्या आदल्या संध्याकाळी ते लोखंडी पेटी उघडायचे, नोटा मोजून पाकिटात घालायचे, पाकिटावर गावाचं नाव लिहायचे. परत आल्यावर तो माणूस टेबलासमोर बसून तोंडी हिशेब सांगायचा आणि अण्णा लिहून घ्यायचे. उरलेले पैसे परत. कमी पडले असतील तर तिथेच हातावर.

मी आल्यावर सहाव्या महिन्यात एक गोष्ट घडली. एका माणसाची लॉजची तीन बिलं माझ्यासमोर होती. तीन वेगवेगळ्या महिन्यांची, एकाच लॉजची. बिलांचे क्रमांक मात्र ४१, ४२ आणि ४३. तीन महिन्यांत त्या लॉजवर आमच्या माणसाशिवाय दुसरं गिऱ्हाईकच आलं नाही, असं त्याचा अर्थ होत होता. विचारल्यावर त्याने कबूल केलं की कोरं बिलबुक त्याच्याकडेच होतं. तो गेला. त्याच्यावर माझा राग नाही, पण त्या तीन बिलांमुळे मी बाकीच्या तिघांना जे करायला लावलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मी तसलमात बंद केली. खर्च आधी स्वतः करा, प्रत्येक रुपयाची पावती लावा, महिन्याच्या २५ तारखेपर्यंत कागद द्या, पैसे पुढच्या महिन्याच्या ७ तारखेला पगाराबरोबर. ऑफिसातल्या संगणकावर छान तक्ता केला. अण्णांना दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि एवढंच म्हणाले, “माणूस गाडीत बसतो तेव्हा त्याच्या खिशात पैसे कुणाचे असतात?” मी म्हटलं, “त्याचे, पण आपण परत देतो ना.” ते पुढे बोलले नाहीत.

पुढच्या सप्टेंबरमध्ये, एका संध्याकाळी मामा माझ्या टेबलाशी आले. मामा आमचे सगळ्यात जुने तंत्रज्ञ, अण्णांबरोबर पहिल्यापासून. सगळा गाळा त्यांना मामाच म्हणतो. हात पुसत पुसत म्हणाले, “ताई, त्या पोराला या वेळी अंकलेश्वरला नका पाठवू.”

“का? बरं नाही का त्याला?”

“बरा आहे. बायकोच्या भिशीचे पैसे संपले त्याचे.”

तो मुलगा भांडुपला राहायचा. पगार एकवीस हजार. बायकोची भिशी लागली होती, ती मुलीच्या शाळेच्या फीसाठी धरलेली. त्या पैशांतून तो आमच्या कामाची तिकिटं काढत होता, लॉजचे पैसे भरत होता. मी तक्ता उघडला. २६ ऑगस्टला तो अंकलेश्वरला गेला होता. २५ तारीख उलटून गेलेली, म्हणजे ते कागद सप्टेंबरच्या खात्यात, आणि पैसे ७ ऑक्टोबरला. बेचाळीस दिवस. मधे आणखी दोन फेऱ्या. एकूण चौदा हजार तीनशे रुपये त्याने आमच्यासाठी घातले होते. पगाराच्या दोन तृतीयांश. गाळ्यात सगळ्यात कमी पगार असलेल्या माणसाकडून मी बिनव्याजी कर्ज घेतलं होतं, आणि ते त्याला विचारूनही घेतलं नव्हतं.

त्याला बोलावलं. विचारलं, “मागितले असतेस तर दिले नसते का रे?” तो म्हणाला, “दिले असते, ताई. पण मागायला कसंतरी वाटतं. पैसे कामाचेच असतात, पण मागताना उसने मागतोय असं वाटतं.”

मला पुढे जे सुचलं ते त्याच्या बोलण्यापेक्षाही जास्त बोचलं, आणि ते नीट समजायला वर्षं गेली. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. आमच्यासारख्यांचा माल किंवा सेवा घेतली, तर ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लेखी करार नसेल तर १५ दिवस. १ एप्रिल २०२४ पासून त्याला आयकराचीही जोड मिळाली. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. ही तरतूद आली तेव्हा मला किती हायसं वाटलं होतं! रोह्याच्या, वापीच्या खरेदी विभागांना मी नम्र शब्दांत ४५ दिवसांची आठवण करून देणारी पत्रं पाठवायला लागले. एक दिवस असंच पत्र लिहिताना तो बेचाळीसचा आकडा डोळ्यांपुढे आला. माझ्या पाठीशी कायदा होता. भांडुपच्या त्या मुलाच्या पाठीशी, माझ्याच टेबलासमोर, मामांखेरीज कुणी नव्हतं.

पण मधल्या दीड वर्षाबद्दलही सांगायला हवं, कारण मी लगेच सुधारले असं झालं नाही. आधी मी पैसे पंधरवड्याला द्यायला लागले. मग आठवड्याला. तसलमात पुन्हा सुरू करायला हात रेटत नव्हता, तीन बिलांचे ते क्रमांक डोक्यातून जात नव्हते. निर्णय झाला तो अवजारांच्या पेटीमुळे.

तक्त्यात एक खर्च मला सतत खुपायचा. गाळ्यापासून सीएसएमटीपर्यंत टॅक्सी. मेट्रो आणि लोकलने पन्नास रुपयांच्या आत होणारा प्रवास, आणि ही मंडळी पाचशे-सहाशे लावायची. मी त्यावर दोनदा लाल शेरा मारला होता. मग कोल्हापूरकडच्या एका कारखान्याने हिशेबाची बोलणी करायला मलाच बोलावलं आणि मामांबरोबर मी महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघाले. मी म्हटलं, आज पेटी आपण मेट्रोने नेऊ.

बावीस किलोची पेटी. साकीनाका स्टेशनवर तपासणीच्या यंत्रातून गेली आणि आतले पाने, नळ्या, पितळी जोडण्या बघून ती उघडून दाखवायला सांगितली. त्यांचं ते कामच आहे. मामांनी सवयीने एकेक वस्तू बाहेर काढली, कागद दाखवला, पुन्हा प्रत्येक वस्तू तिच्या खाचेत बसवली. मागे रांग वाढत होती. घाटकोपरला संध्याकाळी साडेसहाला मेट्रोतून उतरून मध्य रेल्वेच्या पुलावर जाणाऱ्या गर्दीत जे सापडलेत, त्यांना मी काय सांगणार? पेटीचं एक कडं मामांच्या हातात, दुसरं माझ्या. पुलावर कुणाच्या तरी पायाला ती लागली आणि त्या बाईने मला जे सुनावलं ते योग्यच होतं. पहिल्या दोन लोकलमध्ये चढताच आलं नाही. सीएसएमटीला पोचलो तेव्हा माझी बोटं मिटत नव्हती. मामा पन्नाशी ओलांडलेले. ते काहीच बोलले नाहीत. गाडी सुटल्यावर त्यांनी पेटी उघडून प्रमाण-गेजला धक्का बसला नाही ना, हे तेवढं पाहिलं. त्या गेजची किंमत त्या टॅक्सीच्या पन्नासपट असेल.

परत आल्यावर दोन्ही लाल शेरे खोडले. पेटी बरोबर असेल तर गाळा ते स्टेशन टॅक्सी, हा नियम झाला. आणि त्याच आठवड्यात तसलमात सुरू झाली.

आता निघायच्या आदल्या दिवशी, दुपारी तीनच्या आत, जाणाऱ्याच्या खात्यात पैसे पडतात. गाडीचं तिकीट आणि लॉज ऑफिसातून आधीच काढलेलं असतं. तसलमात उरते ती जेवण, रिक्षा, हमाल आणि अडीअडचणीसाठी. परत आल्यावर दोन दिवसांत हिशेब. कमी पडलेले त्याच दिवशी. आधीच्या फेरीचा हिशेब झाल्याशिवाय पुढची तसलमात नाही, ही एकच अट मी घट्ट धरली आहे. लबाडी रोखायला मला तेवढी पुरते. माणूस समोर बसून, ‘वीर स्टेशनला उतरलो, शेअर रिक्षाचे चाळीस’ असं सांगतो तेव्हा खोटं बोलणं अवघड जातं. अण्णा तोंडी हिशेब का घ्यायचे, ते मला तेव्हा कळलं.

पावतीचा प्रश्न वेगळाच, आणि त्यावर माझं मत आता ठाम आहे. या राज्यात काम करून पोट भरणाऱ्या माणसाचा निम्मा प्रवास पावतीशिवायच होतो. बोईसरची शेअर रिक्षा पावती देत नाही. कोल्हापूरकडचं वडाप, म्हणजे शेअर जीप, देत नाही. मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी देत नाही. हमाल देत नाही, फाटकाबाहेरचा चहावाला देत नाही. अशा खर्चाला पावती मागत राहिलं, तर माणसापुढे दोनच रस्ते उरतात. पदरचं सोसा, नाहीतर खोटा कागद आणा. ४१, ४२, ४३ ची सुरुवात कदाचित अशीच कुठल्यातरी न मिळालेल्या पावतीपासून झाली असेल. आमच्या सीएंनी सांगितलं की किरकोळ खर्चाला तारीख, कुठून कुठे, कशासाठी, किती, आणि खर्च करणाऱ्याची सही असलेलं आपलं स्वतःचं व्हाउचर ठेवा. रक्कम पटण्याजोगी हवी आणि त्या दिवशीच्या कामाशी जुळायला हवी. रोखीची मर्यादाही त्यांनीच बजावली. एका दिवसात एकाच माणसाला दहा हजारांहून जास्त रोख दिली, तर तो खर्च आयकरात वजा मिळत नाही. आमचे खर्च त्याच्या कितीतरी खाली असतात, पण हंगामात चौघांचं लॉज एकदम भरताना हे लक्षात ठेवावं लागतं.

जेवणाची बिलं मी मागतच नाही. दिवसाला ठरलेला भत्ता. त्यात कुणी थाळी खावी, कुणी घरून दशम्या न्याव्यात आणि वाचलेले पैसे घरी न्यावेत. ते त्याचे. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, त्याच आठवड्यात आम्ही भत्ताही वाढवला. भाडं वाढलं की पेपरात छापून येतं, थाळी वाढली की येत नाही, म्हणून एकाच्या जोडीला दुसरं धरायचं असं ठरवलंय. (एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. मी महाडला गेले की माझ्या हिशेबात अर्धंच भाडं लागतं, आणि ते लिहिताना मला दर वेळी बरं वाटतं.)

यूपीआय आल्यापासून सगळ्यांना वाटतं की आता हिशेबाची काळजी मिटली. पैसे दिल्याचा पुरावा मिळतो, हे खरं. पण कशासाठी दिले हे त्यात नसतं. फोनवर ‘४५० रुपये दिले’ एवढं दिसतं. तो लॉजवाला होता की किराणावाला, खोलीचे की सामानाचे, हे चार महिन्यांनी कुणालाच आठवत नाही. आणि थर्मल कागदावरच्या पावत्या उन्हाळ्यात फाइलमध्येच कोऱ्या होतात. पावती मिळाली की तिथल्या तिथे फोटो, मागे दोन शब्द, इतकंच करायचं असतं, पण ते त्याच दिवशी.

जीएसटीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण यात आमचे बरेच पैसे अज्ञानापोटी गेले. पहिली दोन वर्षं मी वापी-अंकलेश्वरच्या लॉजच्या बिलांवर आमचा जीएसटी नंबर घालून आणायचा आग्रह धरला होता. मुलं काउंटरवर वाद घालायची, बिल पुन्हा करून घ्यायची. नंतर कळलं की खोली ज्या राज्यात असेल, तिथेच ती सेवा दिली असं कायदा मानतो, कारण इमारत जागची हलत नाही. त्यामुळे वापीच्या बिलावर केंद्राचा आणि गुजरातचा कर लागतो, आणि महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या आम्हाला तो आम्ही भरायच्या करातून वळता करून घेता येत नाही. कोल्हापूर किंवा महाडच्या खोलीचा मात्र घेता येतो, बिल आमच्या नावावर आणि नंबरासह असेल तर. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. आमची मुलं राहतात त्या हजार-दीड हजाराच्या खोलीत आता कराचा वाटाच इतका लहान आहे, की वापीच्या काउंटरवर रात्री दहा वाजता कुणी वाद घालावा असं मला अजिबात वाटत नाही. लहान लॉज तर नोंदणीकृतही नसतात. खोलीत स्वच्छ चादर आणि सकाळी गरम पाणी आहे का, हे मी आता आधी विचारते.

तिकिटाचं उलटं आहे. रेल्वेच्या स्लीपरवर जीएसटी नाही, वातानुकूलित डब्यावर आहे, आणि तिकीट काढताना आमचा नंबर टाकला तर त्या कराची वजावट, म्हणजे क्रेडिट, आपल्या राज्यात मिळते. विमानाचंही तसंच. इथे नंबर टाकायला अर्धं मिनिट लागतं. भाड्याच्या गाडीवरचा आणि जेवणाच्या बिलावरचा कर मात्र आमच्यासारख्यांना मिळतच नाही. हे एकदा कळल्यावर मी कागदांमागे धावायचं निम्मं काम सोडून दिलं. कुठे धावायचं आणि कुठे नाही, हे कळणं हीच खरी बचत होती.

गिऱ्हाइकाकडून घ्यायच्या प्रवासखर्चातही आम्ही असेच फसलो होतो. कोटेशनमध्ये ‘प्रवास व राहण्याचा खर्च वेगळा’ असं लिहायचो आणि नंतर तिकिटाचे पैसे जसेच्या तसे मागायचो. पण आमच्या सेवेसाठी आम्हीच केलेला तो खर्च सेवेच्या किमतीचाच भाग धरला जातो, आणि त्यावरही आमचा १८ टक्के कर लागतो. तो आम्ही लावला नव्हता, म्हणून खिशातून भरावा लागला. आता प्रत्येक गावासाठी ठरलेली एक रक्कम कोटेशनमध्येच धरतो. गिऱ्हाइकालाही ते बरं पडतं, त्याला रिक्षाच्या हिशेबात रस नसतो.

विमानाने आम्ही क्वचितच जातो. हैदराबादला एकदा गेलो, वेळ वाचेल म्हणून. तिकीट स्वस्त मिळालं होतं. पण देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुधा पंधरा किलोच सामान चालतं, आणि आमची पेटीच बावीसची. वरच्या किलोंचे पैसे काउंटरवर भरताना सगळी बचत गेली. हातातल्या पिशवीत पाने नेता येत नाहीत. तेव्हापासून पेटी असेल तर रेल्वे.

आणि रेल्वे म्हटली की दसरा-दिवाळी. साखर कारखान्यांत दसऱ्याच्या सुमाराला बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं. पूजा, हार, संचालक मंडळी, नारळ. त्याआधी बॉयलरवरचा प्रत्येक गेज तपासून झालेला असला पाहिजे. म्हणजे आमची सगळ्यात जास्त फिरती नेमकी त्या दिवसांत, जेव्हा मुंबईतला प्रत्येकजण गावी निघालेला असतो. पूर्वी आम्ही तत्काळवर विसंबायचो. आदल्या दिवशी वातानुकूलितसाठी दहाला, स्लीपरसाठी अकराला खिडकी उघडते आणि बघता बघता संपते. काम पुढे ढकललं गेलं तर कन्फर्म तत्काळचे पैसे परतही मिळत नाहीत. तेही मिळालं नाही की खासगी बस. तिने एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घेऊ नये असं सरकारने २०१८ मध्ये ठरवून दिलंय, पण दिवाळीच्या आदल्या रात्री बसच्या दारात उभा असलेला माणूस सरकारी निर्णयाचा कागद दाखवत नाही, मागतील तेवढे देतो. त्या खर्चाला माझ्याकडे प्रश्न नसतो. प्रश्न मलाच विचारायचा असतो, की हे तिकीट दोन महिने आधी का काढलं नाही.

गेल्या वर्षी अण्णा गेले. त्यांचं कपाट आवरताना जुन्या व्हाउचरांचा एक गठ्ठा सापडला. त्यात २६ जुलै २००५ चं एक होतं. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. मामा तारापूरहून परत येत होते. गाड्या बंद पडल्या आणि ते बोरिवलीपासून पाण्यातून चालत साकीनाक्याला आले. पेटी डोक्यावर. घरी न जाता आधी गाळ्यात, कारण पेटी कोरडी ठेवायची होती. व्हाउचरवर मामांच्या अक्षरात तीनच ओळी आहेत. बोईसर तिकीट. बिस्किटपुडा, ४ रुपये. चहा, ३ रुपये. खाली अण्णांच्या निळ्या शाईत चौथी ओळ: ‘चप्पल, २२०. वाहून गेली. मागितली नाही.’

मी ते व्हाउचर मामांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. “अण्णांनी दुसऱ्या दिवशी दुकानात नेऊन घेऊन दिल्या होत्या,” म्हणाले. “मला वाटलं, त्यांच्या खिशातून.”

आमच्या हिशेबाच्या कागदावर आता शेवटी एक रिकामी ओळ असते. ती मी भरते, समोरच्याला विचारून. भांडुपचा मुलगा आता मोठी कामं एकटा सांभाळतो. मागच्या फेरीत त्या ओळीत फाटलेला रेनकोट आला. त्याआधी एकदा, घरी मुलीला ताप होता म्हणून रात्री रोह्याहून केलेली गाडी. ती तो मागणार नव्हता. कामाचा खर्च नाही म्हणाला. मी म्हटलं, तू रोह्याला कुणाच्या कामाला गेला होतास?

मामांचं हे शेवटचं वर्ष. एकसष्ट पूर्ण झाली. ज्येष्ठांची तिकिटातली सवलत रेल्वेने मार्च २०२० मध्ये थांबवली, पण खालच्या बर्थसाठी वयाचा विचार होतो. त्यांचा उजवा गुडघा आता अण्णांसारखाच दुखायला लागलाय. आरक्षण साठ दिवस आधी, सकाळी आठला उघडतं. दसऱ्याच्या आठवड्यातली कोल्हापूरची तारीख उद्या उघडतेय. मी पावणेआठला गाळ्यात येऊन बसणार आहे. दोन तिकिटं, मामा आणि तो मुलगा. मामांना खालचा बर्थ, पेटी त्यांच्या बर्थखाली. आमचा जीएसटी नंबर कागदावर लिहून कीबोर्डजवळ चिकटवून ठेवलाय.